ईस्टरसाठी एक तुकडा

मीनाक्षी खांबेटे यांच्या नजरेतून चूक सुटत नसे. म्हणजे दुसऱ्याची. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं प्रुफं तपासली, शाळेची मराठी-इंग्रजी पुस्तकं डोळ्यांखालून घातली आणि ऱ्हस्व-दीर्घापायी भल्याभल्या लेखकांना रडकुंडीला आणलं. निवृत्त होऊन व्हर्जिनियात हर्नडनला मुलाकडे, केदारकडे, राहायला आल्या तरी पर्समध्ये तांबडी पेन्सिल होतीच. जित्याची खोड ती, विमानात बसली म्हणून थोडीच सुटते! एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलांत जेवायला गेलं की त्या आधी मेनूकार्ड सुधारत, मग ऑर्डर देत. मंडळाच्या गणपतीत त्यांच्या हातात स्मरणिका दिसली की संपादक मंडळी पांगत. एकदा एका बिचाऱ्याने हात जोडले, "काकू, प्लीज, आता नका ना सांगू. ऑलरेडी प्रिंट झालंय." काकूंनी सांगितलंच. सतरा चुका होत्या.

या खोडीपायी त्यांनी एक गोष्ट फार पूर्वीच घालवली होती, पण ती घालवली असं तेव्हा वाटलं नव्हतं. साखरपुडा झाल्यावर होणाऱ्या नवऱ्याने, श्रीरामने, नागपूरहून चार पानी पत्र पाठवलं. साधा, मनमोकळा माणूस. बोलायचा तसंच लिहिलेलं. मीनाक्षीताईंनी त्यातल्या अकरा चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि पत्र त्याला परत पाठवलं. थट्टाच होती, निदान निम्मी तरी. श्रीराम खूप हसला. पण त्यानंतर त्याने जन्मात त्यांना पत्र लिहिलं नाही, फोन करायचा. तो जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या अक्षरातलं तेवढं एकच पत्र उरलं होतं, आणि त्यावर अकरा तांबड्या खुणा होत्या.

हर्नडनला दिवस खायला उठायचा. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला जात. शेवटी केदारच म्हणाला, "आई, लायब्ररीत व्हॉलंटिअर कर ना. हाताने लिहिलेले जुने पेपर्स स्कॅन केलेत, ते टाइप करायला माणसं हवीयत त्यांना. तू तर डॉक्टरांचंही अक्षर वाचतेस."

मीनाक्षीताई गेल्या. तिथे स्थानिक इतिहासाची एक खोली होती. त्यांच्या हातात नियमांचा कागद ठेवला गेला आणि त्यावर पहिलाच नियम ठळक अक्षरांत होता: जे दिसतं तेच टाइप करा. सोबत पहिलं काम मिळालं, अब्राम टॉलिव्हरची वही.

हा अब्राम याच भागात गुलाम म्हणून जन्मला. नऊ वर्षांचा असताना त्याला आईपासून तोडून विकलं. एकोणिसाव्या वर्षी तो पळाला आणि उत्तरेला पोचला. तिथे गुलामगिरी मोडून काढण्यासाठी झटणारी मंडळी होती. त्यांच्यातल्या एका गोऱ्या पाद्र्याने त्याची कहाणी ऐकून घेतली आणि पुस्तिका छापली. पाद्री भला माणूस होता, हे आधीच सांगून टाकायला हवं. त्या पुस्तिकेने चार लोकांची तरी झोप उडवली असेल. पण अब्रामला तेव्हा लिहिता येत नव्हतं, आणि पाद्र्याला साधं लिहिता येत नव्हतं. त्यामुळे पुस्तिकेतला अब्राम प्रवचन दिल्यासारखा बोलतो. त्याची आई तिथे 'माझी अभागी जन्मदात्री' आहे. तिला नाव नाही. ती अजून मालकाच्या ताब्यात होती म्हणून गाळलं असेल, नाहीतर पाद्र्याने विचारलंच नसेल.

पुढे यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली. अब्राम व्हर्जिनियात परत आला, शेतीला लागला, आईला शोधत राहिला. ती सापडली नाही. पन्नाशीला आल्यावर तो चर्चच्या शाळेत मुलांच्या मागे बसून लिहायला शिकला आणि एका शाळकरी वहीत त्याने सेहेचाळीस पानं आपल्या हाताने लिहून काढली. सव्वाशे वर्षं ती वही चर्चच्या कपाटात तळाशी पडून होती.

स्कॅन उघडलं आणि मीनाक्षीताईंच्या कपाळाला आठी पडली. अब्राम कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी. विरामचिन्हांशी त्याची ओळखच झालेली नव्हती. पण चार पानं वाचली आणि त्यांचा जीव त्या माणसात अडकला. एवढं सोसलेला माणूस, आणि उद्या लोक त्याच्या स्पेलिंगला हसणार? त्यांना ते सहन होईना. त्यांनी अब्रामचं इंग्रजी नीट करायला घेतलं.

केदारने मागून स्क्रीनवर डोकावून पाहिलं. "आई, टाइप व्हॉट यू सी लिहिलंय ना इथे? तू तर सगळं करेक्ट करतेयस."

"अरे, चुका तशाच ठेवल्या तर त्याचीच शोभा होईल."

"पण यार आई, रायटिंग त्याचं आहे ना?"

"म्हणूनच नीट करून देतेय. नंतर तपासणार आहेतच ते."

केदारने नाद सोडला. शुद्धलेखनावरून आईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. आणि तपासणी व्हायची होती ती सगळी वही टाइप झाल्यावर.

ती वही चर्चकडून घेऊन लायब्ररीला देणाऱ्या बाई म्हणजे अब्रामची पणती. नाव ओडेसा, वय ब्याण्णव, आणि चर्चपासून किराणा दुकानापर्यंत सगळे त्यांना मिस ओडेसा म्हणत. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. टाइप झालेली पानं कुणी येऊन वाचून दाखवेल का, असं त्यांनी लायब्ररीत विचारलं होतं, आणि मीनाक्षीताईंनी ते आनंदाने अंगावर घेतलं. दर गुरुवारी दुपारी मिस ओडेसांची भाची लोरेन त्यांना न्यायला गाडी घेऊन यायची. लोरेन साठीची, निवृत्त नर्स, कमी बोलणारी. डेटा सेंटरच्या दोन बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारतींमध्ये अंग चोरून उभं असलेलं त्यांचं लाकडी घर होतं. जागा विका म्हणून पत्रं यायची, आणि मिस ओडेसा ती न उघडता चुलीत घालायच्या.

पहिल्याच गुरुवारी मक्याच्या पिठाचा गरम ब्रेड टेबलावर आला. मिस ओडेसांनी चाचपडत त्याचा पहिला तुकडा मोडला आणि खिडकीपाशी ठेवलेल्या बशीत घातला. "हा ईस्टरसाठी," त्या म्हणाल्या.

मे महिना संपत आला होता. मीनाक्षीताईंनी विचारलं, "ईस्टर तर होऊन गेला ना?"

मिस ओडेसा खळखळून हसल्या. "माझी आजी बारा महिने काढायची. ऑक्टोबरमध्येसुद्धा! हाव करू नये, सणासाठी काहीतरी राखावं, असं काहीतरी असणार. आजी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. विचारायचं राहून गेलं. हात आपला काढतो."

मीनाक्षीताईही हसल्या. मग मिस ओडेसांनी त्यांचा हात धरला आणि हसू थांबलं.

"मीना, मी रोज सकाळी आमच्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करते. आई, आजी, अब्राम. अब्रामच्या आईपाशी आले की गप्प बसते. त्या पाद्र्याच्या पुस्तकात तिचं नाव नाही. देवाला ठाऊक आहे म्हणा, पण मला ठाऊक हवंय. वहीत सापडलं तर मी जायच्या आत मला सांग."

मीनाक्षीताईंनी वचन दिलं. 

नाव जूनमध्ये सापडलं, अकराव्या पानावर. विक्रीचा दिवस. गाडी निघते, आणि आई गिरणीच्या पुलापर्यंत तिच्यामागे धावत येते. तिथे अब्रामने लिहिलं होतं, 'माझी आई ईस्टर'. मोठं अक्षर काढून, नीट, गिरवल्यासारखं. पुढे आणखी तीन ठिकाणी तेच. चारही वेळा स्पेलिंग एकच होतं. इतर शब्द पानोपानी रूप बदलणाऱ्या अब्रामने हा एक शब्द कधीच बदलला नव्हता. प्रुफं तपासणाऱ्या बाईला एवढंच पुरे व्हायला हवं होतं. पण मीनाक्षीताईंना वाटलं, सणावरून कुणी बाईचं नाव ठेवतं का? त्याला बायबलमधलं एस्थर म्हणायचं असणार. आपल्या आजोळी धुणं धुवायला येणाऱ्या बाईचं नाव दिवाळीबाई होतं, हे त्यांना त्या वेळी काही केल्या आठवलं नाही. त्यांनी चारही ठिकाणी 'एस्थर' टाइप केलं.

त्या गुरुवारी त्यांनी ते पान वाचून दाखवलं. मिस ओडेसा हळूच म्हणाल्या, "एस्थर. बायबलमधली राणी?"

"हो, तीच," मीनाक्षीताईंनी ठणकावून सांगितलं.

लोरेनने घरातलं जुनं बायबल आणलं. त्याच्या पहिल्या पानावर घराण्यातली नावं लिहिलेली होती आणि सगळ्यात वर एक जागा कोरी होती. मिस ओडेसांनी जाड मार्कर मागून घेतला. दुसऱ्या कुणाला लिहू देईनात. "मीना, तू एकेक अक्षर सांग, मी काढते." मीनाक्षीताईंनी सांगितलं: ई, एस, टी, एच, ई, आर. म्हातारीने एकेक अक्षर कागदाला नाक लावून काढलं. ओळ तिरकी गेली, शेवटचं अक्षर खाली घसरलं. मग त्यांनी मीनाक्षीताईंच्या दोन्ही हातांचे मुके घेतले. त्या दिवशी घरी येताना मीनाक्षीताईंना आपण जन्माला आल्याचं सार्थक झालं असं वाटत होतं.

ऑगस्टमध्ये आणखी एक वाक्य आलं. अब्राम म्हातारपणीचं लिहितो, 'जेवताना मी तिचं पीस ठेवतो.' इंग्रजीत तुकड्याला पीस म्हणतात आणि शांतीलाही पीसच. कानाला दोन्ही सारखे, लिहिताना वेगळे. अब्रामने शांतीचं स्पेलिंग लिहिलं होतं. मीनाक्षीताईंनी विचार केला, आपली शांती ठेवणं म्हणजे गप्प राहणं, हा तर ओळखीचा इंग्रजी वाक्प्रचार आहे, फक्त 'तिचं'च्या जागी 'माझं' हवं. एक शब्द बदलला आणि वाक्य झालं, 'जेवताना मी गप्प राहतो.'

मिस ओडेसांनी मान हलवली. "नवलच आहे. आजी तर सांगायची, तिचे वडील जेवताना गोष्टी सांगून सांगून सगळ्यांना हसवायचे."

"लिहिलंय तर असंच," मीनाक्षीताई म्हणाल्या. लिहिलेलं नव्हतं तसं.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. मीनाक्षीताईंनी श्रीरामच्या तिथीला खीर-वडे केले, पान वाढलं आणि केदारच्या घरामागच्या लाकडी डेकवर कठड्यापाशी ठेवलं. व्हर्जिनियाचा कावळा येईपर्यंत स्वतः उपाशी राहिल्या. दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मिस ओडेसांनी ब्रेडचा पहिला तुकडा मोडून खिडकीपाशी ठेवला, आणि मीनाक्षीताई समोर बसून चहा पीत राहिल्या. जेवणाआधी घास बाजूला काढतात तो कुणासाठी, हे काय कालच कावळ्याची वाट बघणाऱ्या या बाईला कुणी शिकवायला हवं होतं?

ऑक्टोबरच्या मध्यावर मिस ओडेसा झोपेतच गेल्या. वहीची सहा पानं वाचायची राहिली होती.

चर्च भरून गेलं होतं. हातात दिलेल्या छापील पत्रिकेवर शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या एस्थरला भेटायला गेल्या.' मीनाक्षीताईंनी ती पत्रिका डोळ्यांना लावली. प्रार्थनेनंतर खालच्या हॉलमध्ये सगळे जेवायला बसले. लोरेनने दिवसभर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. तिने ब्रेड हातात घेतला, पहिला तुकडा मोडला आणि कागदी रुमालावर बाजूला ठेवला. कुणाकडेही न बघता पुटपुटली, "हा ईस्टरसाठी."

मीनाक्षीताईंचा घास हातातच राहिला.

सण नव्हता तो. कधीच नव्हता. ते माणूस होतं.

घरी येऊन त्यांनी कोटही न काढता लॅपटॉप उघडला. अकरावं पान: ईस्टर. चारही ठिकाणी ईस्टर. मग ऑगस्टमधलं पान काढलं. जेवताना मी तिचा तुकडा ठेवतो. अब्रामने इतकं सरळ लिहून ठेवलं होतं. त्याने आईचा घास काढला, त्याच्या मुलीने काढला, मुलीच्या नातीने पंचाऐंशी वर्षं रोज काढला. कुणासाठी ते मधेच कुठेतरी विसरलं गेलं आणि घास तेवढा उरला. मिस ओडेसांना जे नाव हवं होतं ते त्या रोज दुपारी स्वतःच्या तोंडाने घेत होत्या. त्यांना एवढंच सांगायला हवं होतं की हेच ते. आणि ते सांगता आलं असतं अशी साऱ्या जगात एकच बाई होती, ती समोर चहा पीत बसली होती.

छापखान्यात नव्या मुलांना मीनाक्षीताई दरडावून सांगायच्या, ध चा मा करू नका रे, एका अक्षरापायी माणसाचा जीव जातो. त्या रडल्या. केदारने विचारलं तेव्हा त्यांना नीट सांगताही येईना. "मी अब्रामची आई पुसली रे," एवढंच म्हणाल्या.

"आई, तू मुद्दाम नाही केलंस," केदार म्हणाला. "गुड इंटेन्शननेच केलंस ना."

"त्या पाद्र्याचं तरी काय वाईट इंटेन्शन होतं?" मीनाक्षीताई म्हणाल्या. 

पुढचे आठ दिवस त्यांनी सेहेचाळीस पानं पहिल्यापासून टाइप केली. जे दिसतं ते. बोटं सवयीने सुधारायला जायची, त्या मागे येऊन परत चूक टाइप करायच्या. आणि करता करता त्यांना अब्रामचा आवाज ऐकू यायला लागला. पुलाच्या वर्णनात तो एकच शब्द तीनदा लिहितो, पळत, पळत, पळत. त्यांनी दोन खोडले होते. धाप लागलेली ती आई त्यांनीच वाक्यातून काढून टाकली होती.

मग त्यांनी लोरेनला फोन केला आणि गुरुवारीच गेल्या. पानं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही सौम्य केलं नाही. सांगून झाल्यावर माफी मागितली. लोरेन खिडकीकडे बघत होती. बशी तिथेच होती, रिकामी.

"पाद्र्याने तिचं नाव गाळलं," लोरेन शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही तिला दुसरंच दिलं."

"हो."

"मावशी रोज सकाळी एस्थर म्हणायची. जूनपासून. किती खुश असायची म्हणताना."

मीनाक्षीताईंनी मान खाली घातली. लोरेनने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा मागितली नाही. थोड्या वेळाने लोरेन म्हणाली, "वाचा. त्याने लिहिलंय तसं." त्यांनी अकरावं पान वाचलं, अडखळत, एकही चूक न गाळता. पळत, पळत, पळत. ज्यांनी ऐकायचं त्यांची खुर्ची समोर रिकामी होती.

लोरेन उठली, बायबल घेऊन आली आणि पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. वर पेन ठेवलं. "दुरुस्त करा."

मीनाक्षीताईंनी पेन उचललं. वर ते तिरकं, शेवटी घसरलेलं नाव होतं. चूक धडधडीत दिसत होती. उभ्या आयुष्यात समोरची चूक त्यांनी तशी सोडली नव्हती. पण ही चूक त्यांची होती आणि अक्षर मिस ओडेसांचं होतं. श्रीरामचं पत्र डोळ्यांपुढे आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अक्षरावर मी रेघ नाही ओढणार."

लोरेनने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने स्वतः पेन घेतलं आणि मावशीच्या ओळीला धक्का न लावता, खाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत टोक टेकवलं.

"स्पेलिंग सांगा," ती म्हणाली.

मीनाक्षीताईंनी अब्रामच्या वहीचं पान जवळ ओढलं. त्यांना पाठ होतं, तरीही त्याच्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून त्यांनी वाचलं: ई, ए, एस, टी, ई, आर.

"नक्की?" लोरेनने विचारलं.

"अब्रामनी असंच लिहिलंय," मीनाक्षीताई म्हणाल्या.